प्री-ऑर्डर कुणी करायला सांगितली होती?

एखादा मोठा गेम फसला की दोन दिवसांत एक वाक्य सगळीकडे ऐकू यायला लागतं: "प्री-ऑर्डर कुणी करायला सांगितली होती?" हे म्हणणारा स्वतःही गेमरच असतो. फक्त त्याने तो गेम घेतलेला नसतो. दोन वर्षांनी सेल लागला की निम्म्या किमतीला घ्यायचा त्याचा बेत असतो. बाजार पडायच्या आधी शेअर विकून मोकळ्या झालेल्या काकांच्या आवाजात जे समाधान असतं, तेच त्याच्याही आवाजात असतं.

हे वाक्य टोचतं, कारण ते अगदीच खोटं नाही. न बघितलेल्या वस्तूचे पैसे आधी मोजायचे आणि ती वाईट निघाली की बोंब मारायची, यात काहीतरी गडबड आहेच. गेम ही जीवनावश्यक वस्तू नव्हे. आठवडाभर थांबलं तर कुणाचं काही अडत नाही. मग फसगतीतला थोडा दोष घेणाऱ्याच्या पदरात टाकायला काय हरकत आहे?

माझ्या मते हरकत नाही. पण तो आपण सहसा चुकीच्या माणसाच्या पदरात टाकतो, आणि चुकीच्या गोष्टीसाठी टाकतो. हे तपासायला 'सायबरपंक २०७७'चं उदाहरण घेते. त्यातले बरेचसे तपशील आता उघड आहेत, आणि काही तर कंपनीने स्वतःच कबूल केले आहेत.

आठ वर्षांची वाट

गेम न खेळणाऱ्या वाचकांसाठी आधी थोडी पार्श्वभूमी. प्री-ऑर्डर म्हणजे गेम बाजारात येण्याआधीच पैसे भरून आपली प्रत राखून ठेवणं. गेम खोक्यातून, डिस्कवर यायचे तेव्हा याला अर्थ होता. दुकानात मोजक्याच प्रती यायच्या आणि पहिल्या दिवशी संपायच्या. आता बहुतेक गेम डाउनलोड होतात, आणि डाउनलोडचा साठा कधी संपत नाही. तरीही प्री-ऑर्डर टिकली आहे. आधी पैसे भरणाऱ्याला गेममधलं एखादं जॅकेट किंवा तलवार मिळते, शिवाय फाइल आधीच उतरवून ठेवता येते. एवढ्यासाठी आपण कंपनीला बिनव्याजी पैसे देतो.

सायबरपंकची घोषणा २०१२मध्ये झाली. वॉर्सातल्या सीडी प्रोजेक्ट रेडने २०१३च्या जानेवारीत एक छोटा ट्रेलर दाखवला. गेम तयार होईल तेव्हा येईल, असं त्यात म्हटलं होतं. २०१५मध्ये याच कंपनीचा 'द विचर ३' आला आणि तिची पत प्रचंड वाढली. इतर कंपन्या लहानसहान भर घालून त्याचे वेगळे पैसे घेत असताना यांनी सोळा छोट्या भरी फुकट दिल्या होत्या. 'ही कंपनी आपल्यातली आहे' असं लोक म्हणायला लागले. २०१८मध्ये लॉस एंजेलिसच्या ई३ प्रदर्शनात पत्रकारांना बंद दाराआड डेमो दाखवला गेला आणि ऑगस्टमध्ये तसाच पाऊण तासाचा डेमो सर्वांसाठी खुला झाला. २०१९च्या ई३ला कियानू रीव्ह्ज स्वतः मंचावर आला, आणि तारीख जाहीर झाली: १६ एप्रिल २०२०.

ती तारीख तीनदा पुढे गेली. अखेर १० डिसेंबर २०२० रोजी गेम आला. तोवर ८० लाख प्री-ऑर्डर झाल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी कंपनीने भागधारकांना कळवलं की निर्मितीचा आणि जाहिरातीचा सगळा खर्च प्री-ऑर्डरमधूनच वसूल झाला आहे.

चांगल्या पीसीवर गेम बग असूनही खेळता येत होता. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या जुन्या कन्सोलवर मात्र त्याची दैना होती. चेहरे मातीच्या गोळ्यासारखे दिसायचे, गाडी वेगात असली की रस्ता पुढे उमटायचाच नाही, मधेच सगळं बंद पडायचं. प्रकाशनाला जेमतेम आठवडा झाला आणि सोनीने गेम आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. तो परत आला थेट २१ जून २०२१ला.

सावध माणसाचं काय झालं?

"प्री-ऑर्डर कुणी सांगितली होती" म्हणणाऱ्याचा सल्ला असा असतो: थांब, समीक्षा येऊ दे, मग ठरव. सल्ला शहाणपणाचा आहे. असा शहाणा माणूस त्या डिसेंबरात काय करू शकला असता, ते बघू.

समीक्षा ७ डिसेंबरला आल्या. बहुतेक स्तुतीच्या होत्या. सरासरी शंभरात नव्वदच्या आसपास. आपला शहाणा माणूस त्या वाचतो, समाधानाने मान डोलावतो आणि १० तारखेला प्लेस्टेशन ४साठी गेम विकत घेतो. तोही फसतो. कारण कंपनीने समीक्षकांना फक्त पीसीची प्रत दिली होती. जुन्या कन्सोलवरचा गेम प्रकाशनापूर्वी बाहेरच्या कुणालाच बघायला मिळाला नाही. वर अशी अट होती की समीक्षकांनी स्वतः खेळताना टिपलेली दृश्यं दाखवायची नाहीत. कंपनीने पुरवलेलीच वापरायची. थोडक्यात, घाईने घेणारा आणि थांबून घेणारा, दोघांच्या हाती सारखीच माहिती होती.

१४ डिसेंबरला कंपनीने माफी मागितली, तीही नेमकी याच मुद्द्यावर. जुन्या कन्सोलवरचा गेम आम्ही आधी दाखवला नाही, त्यामुळे तुम्हाला पुरेशी माहिती घेऊन निर्णय करता आला नाही, असा तिचा आशय होता. विकणाराच हे म्हणत असेल, तर 'माहिती नसताना घेतलंस कशाला?' हा प्रश्न घेणाऱ्याला विचारण्यात फारसा अर्थ उरत नाही.

इथे माझ्या धंद्यातला एक मुद्दा. मी सॉफ्टवेअर लिहिते, गेम नव्हे. आमच्याकडे 'माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय' हे वाक्य विनोद म्हणून सांगतात, कारण जगात हजार प्रकारचे लॅपटॉप असतात आणि कुठे काय मोडेल याचा नेम नसतो. पीसीवरच्या गेमबाबत ही सबब काही अंशी खरी आहे. कन्सोलचं तसं नाही. जगातला प्रत्येक मूळ प्लेस्टेशन ४ आतून जवळपास सारखाच: २०१३चं यंत्र, ८ जीबी मेमरी, फिरणारी हार्ड डिस्क. त्या डिस्कवरून दाट शहर गाडीच्या वेगाने वाचून मेमरीत भरता येतं की नाही, हे तपासायला ८० लाख लोक लागत नाहीत. यंत्र टेबलावरच असतं. जानेवारी २०२१मध्ये सहसंस्थापक मार्चिन इविन्स्की यांनी व्हिडिओत सांगितलं की अडचण नेमकी याच ठिकाणी होती आणि तिचा आवाका कमी लेखला गेला. खेळणाऱ्यांना आलेल्या अनेक अडचणी चाचण्यांत दिसल्याच नाहीत, असंही ते म्हणाले. दुसरं वाक्य कितपत पटवून घ्यायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. पण त्यांनी दोष कर्मचाऱ्यांवर ढकलला नाही, निर्णय आपला आणि संचालकांचा होता असं सांगितलं, हेही नोंदवायला हवं.

सॅम्पल फ्लॅट

आपल्याकडे प्री-ऑर्डरची फार मोठी परंपरा आहे. आपण तिला बुकिंग म्हणतो. पुण्यात किंवा ठाण्यात घर घेतलेल्या कुणालाही विचारा. जमिनीत खड्डाही खणलेला नसताना सॅम्पल फ्लॅट तयार असतो. त्यातला पलंग जरा आखूड असतो म्हणजे खोली मोठी वाटते, आणि दिवे असे की प्रत्येक भिंत श्रीमंत दिसावी. लोक तो बघून आयुष्याची कमाई लावतात. पुढे ताबा चार वर्षं लांबला की नातेवाईक म्हणायचे, "नीट चौकशी नको का करायला?"

कायद्याने या नातेवाइकांचं ऐकलं नाही. महाराष्ट्रात मे २०१७पासून महारेरा आहे. रेरा कायद्याच्या बाराव्या कलमानुसार जाहिरात, माहितीपत्रक किंवा सॅम्पल फ्लॅट बघून कुणी पैसे भरले आणि त्यातली माहिती खोटी निघाली, तर बिल्डरला भरपाई द्यावी लागते; ग्राहकाला बाहेर पडायचं असेल तर पैसे व्याजासह परत. शिवाय ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्च करावे लागतात. एकट्या माणसाने कितीही चौकशी केली तरी बिल्डरला जे माहीत असतं ते त्याला कळू शकत नाही, हे कायद्याने गृहीत धरलं.

२०१८चा सायबरपंकचा डेमो हा सॅम्पल फ्लॅटच होता. तो बहुतांशी दिखाऊ होता, असं कर्मचाऱ्यांच्या हवाल्याने ब्लूमबर्गने जानेवारी २०२१मध्ये छापलं. स्टुडिओच्या प्रमुखांनी ते नाकारलं: दोन वर्षं आधीचा डेमो असाच असतो, आणि 'काम चालू आहे' अशी सूचना त्यावर होती. ही सूचना म्हणजे माहितीपत्रकातल्या चित्राखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं 'कलाकाराच्या कल्पनेतून'. प्रामाणिक आहेही आणि नाहीही.

घर आणि गेम यांची बरोबरी मी करत नाही. भारतात पीसीवर सायबरपंकची किंमत २,९९९ रुपये होती. तेवढ्याने कुणी रस्त्यावर येत नाही. पण रक्कम कमी म्हणून व्यवहाराची घडण बदलत नाही. एकाला सगळं माहीत, दुसऱ्याला दाखवू तेवढंच, आणि पैसे आधी. भरपाईचं म्हणाल, तर अमेरिकेत कंपनीवर सामूहिक दावा झाला आणि १८.५ लाख डॉलर्सवर तडजोड झाली. तो दावा खेळणाऱ्यांनी नव्हे, भागधारकांनी लावला होता.

शपथेचं काय होतं

यावर एक जुनं उत्तर आहे: सगळ्यांनी मिळून प्री-ऑर्डर बंद केली की कंपन्या सुधारतील. २००९मध्ये 'कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २'च्या पीसी आवृत्तीवर बहिष्कार टाकायला स्टीमवर एक गट स्थापन झाला होता. गेम आला त्या दिवशीचं त्या गटाच्या सदस्य यादीचं चित्र अजून फिरतं: बहिष्कारवीरांपैकी एकामागून एक जण तोच गेम खेळत असलेला दिसतो. हसू येतं, पण आश्चर्य वाटू नये. माझ्या एकट्याच्या २,९९९ रुपयांनी कंपनीचं काही बिघडत नाही, आणि मित्र मात्र आज रात्रीच खेळणार असतात.

जे थोडंफार बदललं ते नियमांनी. २०१५च्या जूनमध्ये स्टीमने रिफंडचा सरसकट नियम आणला: खरेदीपासून चौदा दिवस आणि दोन तासांपेक्षा कमी खेळ. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने त्याआधीच, २०१४मध्ये, रिफंड नाकारण्यावरून स्टीमच्या मालकांना, म्हणजे व्हॉल्व्हला, कोर्टात खेचलं होतं. २०१६मध्ये कोर्टाने ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर्सचा दंड केला. दोन तासांची मर्यादा अर्थात अपुरी आहे. सायबरपंकमध्ये गेमचं नाव पडद्यावर झळकतं तोवर दोन तास केव्हाच उलटून गेलेले असतात. तरी प्लेस्टेशनपेक्षा बरं; तिथे एरवी डाउनलोड सुरू केलं की माल सदोष असल्याखेरीज पैसे परत नाहीत. तेव्हा संयमाच्या शपथेपेक्षा मला रिफंडच्या नियमांचा भरवसा जास्त वाटतो. उतावीळ असणं हा स्वभाव आहे. उतावीळ माणसाला फसवणं हा व्यवसाय.

ग्राहक आणि चाहता

इथवर घेणारा निर्दोष सुटला. पण मी ज्याला सोडलं तो ग्राहक. त्याच्याच अंगात कधीकधी दुसरा एक माणूस राहतो, चाहता. त्याचा हिशोब वेगळा आहे.

ऑक्टोबर २०२०मध्ये गेम तीन आठवडे पुढे ढकलल्याचं जाहीर झालं, तेव्हा तो बनवणाऱ्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. ७ डिसेंबरला गेमस्पॉटच्या समीक्षिकेने दहापैकी सात गुण दिले. तिच्यावर शिव्यांचा पाऊस पडला. त्याच दिवशी गेम इन्फॉर्मरच्या समीक्षिकेने लिहिलं की गेममधल्या एका उपकरणाच्या लखलखत्या दिव्यांमुळे आपल्याला अपस्माराचा झटका आला, ज्यांना हा आजार आहे त्यांनी जपावं. काही जणांनी तिला झटका यावा म्हणून मुद्दाम लखलखणारे व्हिडिओ पाठवले. कंपनीने नंतर इशारा घातला आणि ते दृश्यही बदललं. म्हणजे तिचं म्हणणं बरोबर होतं.

या तारखा नीट बघायला हव्यात. हल्ला करणाऱ्यांपैकी जवळपास कुणीही तोवर गेम खेळलेला नव्हता. तो यायला तीन दिवस होते. आठ वर्षं जपलेल्या एका कल्पनेची ते राखण करत होते. पैसे भरले होते, तेव्हा गेम चांगलाच असायला हवा होता.

सायबरपंक हा एकच प्रसंगही नव्हे. २०१६मध्ये 'नो मॅन्स स्काय' जूनवरून ऑगस्टवर गेला, तेव्हा ती बातमी देणाऱ्या पत्रकारालाही धमक्या आल्या आणि गेमचे कर्ते शॉन मरी यांनाही. ऑगस्टमध्ये गेम आल्यावर दोन खेळाडू ठरवून एका ग्रहावर एकाच जागी गेले आणि एकमेकांना दिसलेच नाहीत. इतर खेळाडू भेटू शकतील, असं मरी आधी मुलाखतींत सांगत आले होते. मग तेच चाहते फसवणुकीच्या तक्रारी करू लागले. ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने चौकशी करून नोव्हेंबरात कंपनीला निर्दोष ठरवलं, पण ती चौकशी स्टीमवरच्या पानापुरती होती, मुलाखतींची नव्हती.

माझ्या मते घेणाऱ्याचा दोष इथे सापडतो. पैसे आधी भरल्याने इतर कुणाचं फारसं नुकसान होत नाही. पण उणीव दाखवणाऱ्या पहिल्या माणसावर तुटून पडल्याने प्रत्येकाचं होतं. कंपनीने माहितीचे बरेचसे दरवाजे बंद केले होते. दोन-तीन फटी उरल्या होत्या, त्या चाहत्यांनी बुजवल्या. पुढच्या वेळी सात गुण द्यायचे की आठ, हे ठरवताना समीक्षकाला तो डिसेंबर आठवणार नाही असं कोण म्हणेल? अजून एक महिना द्या, असं बैठकीत सुचवू पाहणाऱ्याला धमक्यांची आठवण होणार नाही असं कोण म्हणेल? डिसेंबरात गेम येण्यामागे नाताळचा हंगाम होता, भागधारक होते, आधी मोडलेल्या तीन तारखा होत्या. पण 'लोक थांबायला तयार नाहीत' हे कारण आयतं पुरवायचं काम चाहत्यांनी केलं.

"सगळे असे नसतात" हे खरंच आहे. ८० लाखांतले किती असे होते? मूठभर. म्हणूनच दोष पावतीप्रमाणे वाटता येत नाही. ज्याने शांतपणे पैसे भरले आणि वाट बघितली, त्याचा वाटा शून्याजवळ. एक पैसाही न भरता त्या समीक्षिकेला शिव्या देणाऱ्याचा वाटा त्याच्याहून मोठा.

माफीही आपणच देतो

गोष्टीचा उत्तरार्ध सुखाचा आहे. सीडी प्रोजेक्ट रेडने गेम दुरुस्त केला. सप्टेंबर २०२३मध्ये २.० आवृत्ती आणि 'फँटम लिबर्टी' ही मोठी भर आली, तोवर जुने कन्सोल मागे सोडून दिले होते. मी गेम खेळले ते त्यानंतर, आणि तो चांगला आहे. नाइट सिटी हे शहर गल्लीबोळांत अंग चोरून बसतं. नायकाच्या डोक्यातल्या चिपमध्ये एका मेलेल्या गायकाचं मन आहे; ते हळूहळू नायकाची जागा घेत जातं. हा गायक म्हणजे कियानू रीव्ह्जच, बड्या कंपन्यांच्या नावाने अखंड बोटं मोडणारा. लोकांना जे हवंय त्याचं चित्र दाखवून त्यांना बांधून ठेवणाऱ्या कंपन्यांवरचा गेम याच तऱ्हेने विकला गेला, हा उपरोध लेखकांनी योजलेला नाही, पण खेळताना तो सतत जाणवतो.

२०२२च्या स्टीम पुरस्कारांत सायबरपंकला 'लेबर ऑफ लव्ह' मिळाला. जुन्या झालेल्या गेमची निगा राखणाऱ्यांसाठीचा हा पुरस्कार खेळणाऱ्यांच्या मतांनी ठरतो.  दुरुस्तीसाठी राबलेल्या लोकांचं कौतुक मला मान्य आहे. पण आधी विकलेली वस्तू नंतर पूर्ण करून देण्याला प्रेमाचे कष्ट म्हणायचं, तर ज्यांनी वस्तू पहिल्याच दिवशी पूर्ण करून दिली त्यांना काय म्हणायचं? गळकं छत दोन वर्षांनी दुरुस्त करणाऱ्या बिल्डरचा सोसायटीने सत्कार करावा, तसं हे झालं. आणि प्लेस्टेशन ४ घेऊन बसलेल्या माणसाच्या वाट्याला २.० आलंच नाही.

तेव्हा पुढचा गेम फसेल, आणि फसेलच, तेव्हा प्री-ऑर्डर कुणी सांगितली हा प्रश्न नको. त्याचं उत्तर सर्वांना माहीत आहे: कंपनीने सांगितली, आठ वर्षं, चांगल्यातला चांगला नट आणून. विचारायचंच असेल तर हे विचारावं: गेम यायच्या तीन दिवस आधी एक बाई म्हणत होती की यात काहीतरी बरोबर नाही, तेव्हा तू तिला काय लिहिलंस?